अर्ध्या चंद्राची न्याहारी

“आज मिळाली गं, सगुणे!”

उंबऱ्यावर बसून बुटाच्या नाड्या सोडता सोडता कुंडलिक अशी हाळी द्यायचे. खाकी शर्ट घामानं काखेत काळा पडलेला, खांद्यावरची तिकिटांची पेटी अजून उतरवलेली नाही, आणि तोंडावर असं हसू की वाटेत कुठं हंडाच सापडलाय. सगुणाबाईंनी चुलीपुढून मान वर न करता विचारायचं, “काय मिळाली?”

“न्याहारी! बंदरावरची न्याहारी म्हंजी न्याहारी. ती पोटात असली की घाट आपसूक चढून येतो मानूस.”

कधी मात्र ते काहीच न बोलता यायचे. पाय धुवायचे, पाटावर बसायचे, वाढलेलं खायचे. सगुणाबाई मनात समजायच्या, आज न्हाई मिळाली.

हा आवाज फार जुना. तेव्हा भोरच्या आगारातून दुपारची एक मुक्कामी गाडी सुटायची. नीरेच्या कडेकडेनं हिर्डोशीवरून जायची, वरंधा घाट उतरायची, आणि दिवस बुडताना समुद्राकाठच्या एका लहानशा गावात पोचून तिथंच रात्र काढायची. पहाटे सहाला परत निघायची. त्या गावाला चांगलं लांबलचक नाव होतं, पण आगारात ते कुणी घेत नसे. सगळे नुसतं ‘बंदर’ म्हणत. कुंडलिक बंदरावर गेलाय. कुंडलिक बंदरावरनं आला. सगुणाबाईंच्या संसाराला या दोन वाक्यांचीच भरती-ओहोटी होती, पण भरती-ओहोटी म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्या हिर्डोशीच्या. भाताच्या खाचरात आणि डोंगरउतारावरच्या नाचणीच्या वरकसात वाढलेल्या. पाणी म्हटलं की त्यांना डोंगरावरून खाली येणारंच माहीत, परत फिरून जाणारं नाही.

एकदा त्यांनी विचारलं होतं, “रोज का न्हाई मिळत तुमची ती न्याहारी? हाटेल हाय का लग्नाचं जेवान?”

कुंडलिक हसले. “ती बाई घड्याळावर न्हाई चालत, सगुणे. चांदावर चालते.”

“करा चेष्टा माझी!” म्हणत सगुणाबाईंनी पुढची भाकरी जरा जोरातच थापली.

रागाचं कारणही होतं. हा माणूस घरच्या जेवणाला कधी चांगलं म्हणाला नाही की वाईट म्हणाला नाही. मीठ विसरलेली भाजी त्यानं बिनबोभाट खाल्ली, आणि सणाची पोळीही तशीच खाल्ली. आणि कुठल्या परक्या बाईच्या हातचं खाऊन मात्र उंबऱ्यातून गात यायचं! म्हणून मग ती न्याहारी कसली, कशाची, हे सगुणाबाईंनी विचारलंच नाही. रुसवा लवंगेएवढा, पण जिभेवर राहिला. पुढं मुक्कामी गाडी बंद झाली. कुंडलिकांना वेल्ह्याची पाळी लागली. मार्गासनीच्या फाट्यावर चहा, वेल्ह्याला चहा, येताना परत चहा. न्याहारीचं नाव निघेनासं झालं. मग ते निवृत्त झाले. आणि मागल्या मार्गशीर्षात एका सकाळी चहा पिता पिता, कप नीट बशीत ठेवून, गेले. कप सांडलासुद्धा नाही.

वर्ष होत आलं तेव्हा मुलगा आणि सून पुण्याहून आले. सून मैथिली हौशी आणि मायेची. वही-बिही न काढता नुसती जवळ बसून म्हणाली, “आई, वर्षश्राद्धाला बाबांच्या आवडीचं मी करणार. पानात काय काय वाढायचं ते सांगा.”

“भाकरी आवडायची,” सगुणाबाई म्हणाल्या.

“आणि?”

“आनि... वाढलेलं समदं खायचे गं.”

“अहो आई, आवडीचं विचारतेय मी. खायचं तर सगळेच खातात.”

“बाबांना नावडीचं काही नव्हतंच,” मुलगा वरद हसत म्हणाला. मैथिलीही हसली. सगुणाबाई हसल्या आणि भांडी आवरायच्या निमित्तानं उठून आत गेल्या. इतकी वर्षं ज्याला वाढलं, त्या माणसाच्या शेवटच्या पानात काय ठेवायचं ते आपल्याला सांगता येऊ नये? एकाच घासाचं कौतुक त्यांनी केलं होतं जन्मात. आणि तोच आपल्याला ठाऊक नाही.

पोरं पुण्याला परतली तशी त्यांनी पिशवी भरली. मैथिलीला फोनवर सांगितलं, “माहेरी जाऊन येते चार दिवस, हिर्डोशीला.”

महाडची गाडी हिर्डोशीला थांबली. कंडक्टर पोरगी होती, केसांत अबोलीचा गजरा. “मावशी, हिर्डोशी! तुमी दर खेपेला हितंच उतरता न्हवं?”

“मला म्होरं जायचंय,” सगुणाबाई म्हणाल्या. खिडकीतून भावाच्या घराची कौलं दिसली, सुकत घातलेलं गोधडं दिसलं. मग वळण आलं आणि सगळं डोंगराआड गेलं. याच वळणावर लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी त्या माहेरपणाला आल्या असताना दुपारच्या गाडीची वाट बघत उभ्या राहायच्या. हात हलवायचा नाही, चारचौघात लाज. नुसतं उभं राहायचं. आणि घरी येऊन जात्यावर बसलं की आपसूक जुळायचं,

घाटाच्या वळणाला, लाल धुरळा उठला
माझ्या गं सख्याचा, येष्टीचा टप दिसला

वर्षभरात त्यांना एकही ओवी सुचली नव्हती. सुचून तरी म्हणायची कुणासाठी?

महाडला गाडी बदलून त्या बंदरावर पोचल्या तेव्हा उन्हं कलली होती. स्टँडसमोर एक लॉज होतं. गल्ल्यावरच्या तरुण मॅनेजरनं त्यांच्याकडं बघितलं, त्यांच्या मागं बघितलं.

“सोबत कोण आहे, आजी?”

“एकटीच हाय.”

“एकट्या बाईमाणसाला आम्ही खोली देत नाही हो. कोणी येणार असेल मागून तर बघा.”

दमलेल्या माणसाच्या तोंडून जे सगळ्यात सवयीचं तेच बाहेर पडतं. सगुणाबाई म्हणाल्या, “आमचे हे यायचेत मागनं. येष्टीत हायत ते.”

“मग हरकत नाही,” मॅनेजर म्हणाला आणि चावी पुढं सरकवली.

येष्टीत हायत ते. सगळा जन्म त्या हेच सांगत आल्या होत्या. शेजारणीला, वाण्याला, शाळेतल्या बाईंना. जिभेला खोटं बोलल्यासारखं वाटलंच नाही. खोलीत मॅनेजरनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला, त्यावर एक पेला पालथा घातलेला. पुन्हा दार वाजलं. “साहेब येणार ना,” म्हणत त्यानं दुसरा पेला आणला. सगुणाबाईंनी दोन्ही पेले शेजारी शेजारी ठेवले.

सकाळी उठून त्या आधी स्टँडच्या कँटीनमध्ये गेल्या. कंडक्टर माणूस दुसरीकडं कुठं खाणार? पोहे घेतले. पोह्यांवर ओलं खोबरं होतं, चव होती, पण या घासासाठी कुणी घरी गात येईल असं काही वाटेना. त्यांनी कँटीनवाल्याला विचारलं, “दादा, पूर्वी हितं भोरची मुक्कामी गाडी यायची बगा. तिच्यावरचे कंडक्टर न्याहारी कुठं करायचे?”

“कोण, कुंडलिकमामा?” कँटीनवाल्याचा झारा कढईवरच थांबला. “तुम्ही कोण त्यांच्या?”

“मंडळी.”

“अरे वा! मामी! आणि कसे आहेत मामा?”

सगुणाबाईंनी तोंड उघडलं. भोरमध्ये आता त्यांना हे कुणी विचारत नव्हतं. सुरुवातीला बायका येऊन हळू आवाजात बोलायच्या, मग होईल सवय म्हणायला लागल्या, मग तेही थांबलं. कुंडलिकांचं नाव आगाराच्या फळ्यावरून पुसलं जावं तसं गावाच्या तोंडून पुसलं गेलं होतं. आणि इथं, घाटाखाली, चणाडाळीचा वास सुटलेल्या या कँटीनमध्ये, एक माणूस भुवया उंचावून वाट बघत होता. कसे आहेत म्हणून.

“बरे हायत,” सगुणाबाई म्हणाल्या. “गुडघं दुखत्यात जरा.”

“दुखणारच! सगळं आयुष्य उभ्यानं काढलं माणसानं. मोहरीच्या तेलानं चोळा म्हणावं. इथं नुसता चहा घ्यायचे ते. न्याहारीला मारुतीच्या देवळाकडं जायचे, बाळाबाईकडं.”

बाळाबाईची खानावळ म्हणजे पडवीत मांडलेली दोन बाकडी. बाई आडव्या अंगाच्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. घावन तव्यावर असं पसरायच्या की जाळी पडताना चुरचुर आवाज यायचा. सगुणाबाईंनी घावन खाल्लं. लुसलुशीत होतं, चटणी आंबट-तिखट. हेच असेल, त्यांना वाटलं. कुंडलिकांचं नाव सांगितलं मात्र, आणि बाळाबाईनं उलथनं कमरेवर ठेवलं.

“तुमचा नवरा का तो? बरं झालं भेटलात. एक सांगायचंच आहे मला. माझ्याकडं यायचा तो दुखवट्याला आल्यासारखं तोंड करून! एक दिवस म्हटलं, काय हो कंडक्टर, मीठ कमी पडलं का? तर म्हणतो, ‘बाळाबाई, घावन तुमचं चांगलंच हाय. पन आज जेट्टीवर न्हाई मिळालं, म्हनून आलो.’ असं तोंडावर सांगतं का कुणी?”

सगुणाबाईंना हसू आलं. खुदकन आलं. “त्यांना बोलायची रीतच न्हाई.”

“सांगा त्याला, बाळाबाई अजून रागावलीय म्हणावं. स्वतः येऊन दोन घावनं खाल्लीस तरच जाईल राग.”

“सांगते,” सगुणाबाई म्हणाल्या.

जेट्टीवर त्या पोचल्या तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. बोटी चिखलात कुशीवर कलंडलेल्या, पाणी कुठल्या कुठं गेलेलं. टोकाला पत्र्याची एक टपरी होती. तिचं फळकूट लावलेलं, बाहेर मोठं पातेलं घासून पालथं घातलेलं. जवळच एक म्हातारा जाळं शिवत बसला होता.

“खुर्शिदाचाची गेली घरी. संपलं तिचं,” तो म्हणाला. “उद्या या.”

“किती वाजता?”

म्हाताऱ्यानं घड्याळाकडं नाही, आभाळाकडं बघितलं. “उद्या अष्टमी ना? मग उजाडायच्या आत या.”

सगुणाबाई कोड्यात पडल्या. अष्टमीचा आणि न्याहारीचा काय संबंध? बरं, बाई मुसलमानाची, तिला अष्टमीचा उपास असणार नाही. विचारावं म्हटलं तर म्हाताऱ्यानं दोरा दातात धरला होता.

तो दिवस त्यांनी धक्क्याच्या भिंतीवर बसून काढला. पाणी परत येताना बघितलं. कुणी बोलावलेलं नसताना ते येत होतं, कलंडलेल्या बोटी एकेक करून उभ्या करत होतं. जाणाऱ्या-येणाऱ्यांत आता दोन-चार ओळखीचे झाले होते. गाव लहान, बातमी चालत फिरते. कँटीनवाल्यानं सायकलवरून विचारलं, “मामा आले का?” लॉजच्या मॅनेजरनं विचारलं, “साहेब अजून नाही आले?” प्रत्येक वेळी सगुणाबाई म्हणाल्या, “येतील.” आणि प्रत्येक वेळी, अगदी क्षणभर, मान वळवून स्टँडकडं बघितलं.

मैथिलीचा फोन आला. “आई, हिर्डोशीला थंडी असेल ना? शाल घेतलीत का?”

“घेतलीय गं. हितं लई थंडी हाय,” त्या म्हणाल्या. समोर कोकणातलं दमट ऊन पाण्यावर लखलखत होतं. फोन ठेवल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, आज आपण कुणाशीच खरं बोललो नाही. आणि तरी वर्षभरातला हा पहिला दिवस होता, ज्यात आपण दिवसभर त्यांच्याविषयी बोललो.

पहाटे त्या निघाल्या तेव्हा रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. डोक्यावर अर्धा चंद्र होता, स्वच्छ, मधोमध चिरल्यासारखा. टपरी बंदच होती. सगुणाबाई बाकड्यावर बसल्या. बराच वेळ झाला, कुणी येईना. आजही नाही मिळणार, त्यांना वाटलं. कुंडलिकांना असंच वाटत असेल. स्टँडवर गाडी उभी, घड्याळ सहाकडं चाललेलं आणि फळकूट बंद.

जाळं शिवणारा म्हातारा घोंगडी पांघरून आला. “बसा बसा. पाण्याला अवकाश आहे अजून.”

“पान्याचं काय हो यात?”

“असं बघा,” म्हातारा शेजारी टेकला. “आमच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध आहे. भरती भरल्याशिवाय बोट आत येत नाही. बोटी आत आल्या की पोरं उतरणार, भुकेली, थंडीनं काकडलेली. त्यांच्यासाठी चाचीची चूल. म्हणून भरती तेव्हा चूल. आणि भरती काय एका वेळेला येते? रोज थोडी थोडी पुढं सरकते. अष्टमीच्या आसपास पहाटे. पुनवेला, अवसेला भर दुपारी. चंद्र ओढील तसं पाणी, आणि पाणी येईल तशी चाची.”

सगुणाबाईंनी वर बघितलं. ती बाई घड्याळावर न्हाई, चांदावर चालते. चेष्टा नव्हती ती. जे होतं तेच सांगत होता माणूस, उंबऱ्यात बसून, नाड्या सोडत. त्यांना आठवलं, ज्या दिवशी कुंडलिक गात यायचे, त्या दिवशी नीरेवर धुणं वाळत घालताना आभाळात फिकट अर्धा चंद्र असायचा. कधी सकाळचा मावळतीकडं, कधी दुपारचा उगवतीकडं, पण अर्धाच. कित्येकदा बघितला होता. बघितला आणि चादर पिळली. दोन्ही गोष्टी एकमेकींना धरून आहेत, हे सांगणारा घरातच होता आणि त्याला त्यांनी करा चेष्टा म्हटलं होतं.

ओठ हलले. वर्षानं हलले.

अर्धा गं बाई चांद, अर्ध्या आभाळी टांगला
भरल्या पान्यापाशी, कुनी पाहुना थांबला

काळोखातून इंजिनांची धडधड ऐकू आली. एकेक दिवा खाडीत शिरला. आणि जेट्टीच्या पायऱ्यांवरून दोन बायका आल्या. पुढं एक वाळकी, ताठ म्हातारी, डोक्यावर ओढणी, आणि मागं पातेलं घेतलेली तिची सून. फळकूट उघडलं. चूल पेटली. पातेल्यात पांढरा रस उकळायला लागला, त्यात लसूण पडला, हिरवी मिरची पडली, मग म्हातारीनं एका हातानं पीठ सोडत दुसऱ्या हातानं लाकडी डाव असा फिरवला की सगुणाबाई उठून उभ्याच राहिल्या.

उकड! तांदळाची उकड!

त्यांच्या माहेरी उकड आजाऱ्याला देत. तापातून उठलेल्याला, दात काढलेल्याला, तोंडाची चव गेलेल्याला, ताकात शिजवून. धडधाकट कामाच्या माणसापुढं हिर्डोशीत कुणी उकड ठेवणार नाही. ठेवली तर शेजारी विचारतील, काय होतंय त्यांना?

खलाशी पोरं भिजल्या अंगानं चुलीभोवती उकिडवी बसली. सुनेनं सगुणाबाईंच्या हातात वाडगं दिलं. ताकाची नव्हती ही, नारळाच्या रसातली होती. वरून कच्च्या तेलाची धार. पहिल्या घासाला जीभ भाजली, दुसऱ्याला मिरची लागली, आणि तिसऱ्याला ती गोडसर, मऊ ऊब पोटात उतरून अशी पसरली, जशी गार पडलेल्या पायांवर कुणी गोधडी टाकावी. याच वेळेला स्टँडकडून हॉर्न ऐकू आला. सहाची गाडी सुटत होती.

“कुठची गो तू?” म्हातारीनं विचारलं. “खलाशाची बायको नाय दिसत.”

“भोरची. कुंडलिक कंडक्टर हायत ना, त्यांची मी.”

खुर्शिदाचाचीनं डाव पातेल्यात सोडला. “नुजहत! अगो नुजहत, बघ कोण आली! आपल्या कंडक्टरची बायको!” तिनं सगुणाबाईंचा दंड धरला, चुलीच्या उजेडात तोंड निरखलं. “तू सगुणा. वय झालं गो तुझं. तो सांगायचा तेव्हा मला तू पोरगीच वाटायचीस. कसा हाय तो?”

“बरे हायत,” सगुणाबाई म्हणाल्या. “गुडघं दुखत्यात जरा.”

“बरा हाय आणि आला नाय? गाडी बंद झाली म्हणून माणूस बंद होतो काय? इथं बसायचा, या खांबाला टेकून. पाणी उशिराचं असलं की मला म्हणायचा, ‘चाची, भरती जरा लवकर आना की, माझी सहाची गाडी हाय!’ जशी काय भरती माझ्या घरात बांधलेली!” खलाशी हसले. “मी म्हटलं, एवढी आवडते तर घरी बायकोला सांग. काय कठीण हाय उकडीत? तर म्हणाला, ‘न्हाई चाची. घरी मागितली तर आमची सगुणा आधी कपाळाला हात लावून बगंल, ताप आलाय का म्हनून. आनि एकदा तिनं कपाळाला हात लावला की मला खरंच निजावंसं वाटंल. मग ड्युटीवर कोन जाईल?’”

सगुणाबाईंनी वाडगं खाली ठेवलं. मागल्या मार्गशीर्षात, कप बशीत ठेवून ते भिंतीला टेकले, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा तेच केलं होतं. कपाळाला हात लावला होता. कपाळ कोमट होतं, आणि त्यांना वाटलं होतं, डोळा लागला असेल.

“चाची,” त्या हळूच म्हणाल्या, “मला शिकवा ही. तुमच्यासारखी.”

“आता? नाय शिकवायची.” चाचीनं मान उडवली. “त्याला घेऊन ये, त्याच्यापुढं शिकवते. पहिल्या खेपेला तुझी गाठी गाठी होणार, आणि तो हसणार, ते मला बघायचंय. नुजहत, ते दे गो.”

नुजहतनं फळीवरून एक वाडगं काढलं. पांढरं, निळ्या काठाचं, एका जागी टवका उडालेला. बाकीच्या भांड्यांत ते नव्हतं, एकटंच वेगळं ठेवलेलं.

“त्याचं हे,” चाची म्हणाली. “दुसऱ्याला नाय देत मी. एकदा या पोरांतल्या एकानं उचललं, तर असा डाव मारलाय बोटांवर! रोज घासते, ठेवते. कंडक्टर माणूस, कुठल्या गाडीनं उतरेल काय सांगावं?”

वाडगं सगुणाबाईंच्या हातात आलं. नुकतंच धुतल्यासारखं स्वच्छ होतं. भोरमध्ये त्यांनी कुंडलिकांचं ताट कधीच वर टाकलं होतं. आणि इथं कुणीतरी रोज, पाणी येईल त्या वेळेला, हे घासून ठेवत होतं. हे ठेवून इथून उठावं, त्यांना वाटलं. हसावं, सांगते म्हणावं, सहाची गेली तर आठची गाडी धरावी. वर घाटावर ते नाहीत तर नाहीत. इथं तरी असू देत. खांबाला टेकून, गाडीची वेळ झाली म्हणून कुरकुरत. एवढं एक गाव त्यांच्यासाठी राखून ठेवलं तर कुणाचं काय जातंय?

पण मग पान? पान वाढताना मैथिली विचारेल, आई, काय ठेवू? आणि पुन्हा भांडी आवरायला आत जायचं?

“पंधरा दिवसांनी परत पहाटेचं पाणी,” चाची बोलत होती, बोटांवर तिथी मोजत. “शुद्ध अष्टमी. त्या दिवशी घेऊन ये त्याला. गुडघे दुखतात तर दुखू देत, धरून आण. कबूल कर. माझ्या चुलीवर हात ठेवून सांग, आणीन म्हणून.”

उजाडत होतं. पाणी काठोकाठ भरलं होतं, आणि त्यात अर्धा चंद्र फिका होत चालला होता. चाचीचा हात पुढं होता. सगुणाबाईंनी तो धरला. चुलीवर नाही ठेवला, नुसताच दोन्ही हातांत धरला, पिठानं माखलेला, गरम.

“त्या दिवशी त्यांचं वरीस हाय, चाची,” त्या म्हणाल्या. “ते गेले. त्यांच्या पानात वाढायला मला ही उकड शिकवा.”